वर्गमित्र मामा

शिक्षणाशी काडीचं देणंघेणं नसताना, नोकरीची आशा नसताना आणि सगळं गाव तोंडावर हसत असताना, सलग पाच वर्षं रोज सकाळी तेल लावून, भांग पाडून कॉलेजला गेलेला माणूस सबंध हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा मामा आहे. कोणी कॉलेजात डिग्रीसाठी जातं, कोणी क्रिकेटसाठी जातं, काही पोरं कशासाठी जातात ते त्यांच्या आईबापालाही कळत नाही. माझा मामा मला सोडायला गेला आणि आतच राहिला.

आधीचं सांगते, म्हणजे हे असं का झालं ते कळेल. आमचं गाव डोंगरकडा गावापासून आत आहे. फाट्यावर उतरायचं आणि मग पायी. जमीन थोडी, त्यातली निम्मी खडकाळ. हळद निघाली की आईआप्पा दुसऱ्यांच्या शेतावर हळद शिजवायला जात. उन्हाळाभर आमच्या घरात सगळ्यांचे हात लग्नघरासारखे पिवळे असत, ताटात मात्र लग्नातलं काही नसे. आईला सही येत नव्हती. आप्पा चौथीतून उठून गुरांमागे गेले ते गेलेच. माझ्या आत्या, चुलत बहिणी, सगळ्यांची दहावीच्या आत लग्नं झाली. गावातली शाळाच दहावीला संपत होती, त्यामुळे शिकणंही तिथेच संपतं असा सगळ्यांचा समज होता. मी दहावीला चांगले मार्क घेतले तेव्हा आप्पांनी गावभर पेढे वाटले. ते पेढे म्हणजे माझ्या शाळेची तेरवी होती, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

"तालुक्याला एकटी पोरगी?" आप्पा म्हणाले. "फाट्यापस्तोर पायी, मंग यष्टीत उभी, मंग तिथं दिसभर. उद्या काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

आप्पा वाईट नव्हते. घाबरलेले होते. आईने भावाला निरोप धाडला.

मामाच्या गावाची शीव आमच्या शिवेला लागूनच आहे. तो तिघा भावांत धाकटा. वरच्या दोघांनी त्याला शेतीतून जवळजवळ हद्दपार केलं होतं. मामाचा आळस हे त्याचं कारण नव्हतं. तो औत हाकताना बैलांशी इतकं बोलायचा, की बैल ऐकायला थांबायचे. एकदा निम्मं वावर व्हायच्या आत सूर्य मावळला, तेव्हा थोरला मामा हात जोडून म्हणाला, "तू घरी ऱ्हा बाबा. बैलाची सवय बिघडून राहिली." तेव्हापासून मामा मोकळा होता. निरोप मिळताच तो आला, ओसरीवर टेकला आणि पाणी प्यायच्या आधी बोलला, "दाजी, मी जातो की संगं."

"किती दिस जाशील?"

"शिकंल तितके दिस. मला दुसरं काय काम हाये?"

आप्पा कबूल झाले, कारण मामाला दुसरं काम नव्हतं हे तालुक्याला ठाऊक होतं.

आमचं कॉलेज म्हणजे एकाच फाटकात दोन कॉलेजं. डाव्या अंगाला अकरावी-बारावीचं कनिष्ठ महाविद्यालय, उजव्या अंगाला बी.ए., बी.कॉम.चं वरिष्ठ, मधे एक कडुलिंब आणि कधीच न चालणारं कारंजं. अकरावीत शिरलेलं लेकरू त्याच फाटकातून पदवीधर होऊन बाहेर पडू शकतं, ही गोष्ट मामाला फार आवडली. "हे बेस हाये," तो म्हणाला. "वासरं बी अन् बैलं बी एकाच दावणीला. दावं बदलायची तकलीफ न्हाई."

पहिल्या दिवशी मामा लिंबाखाली बसला. दुसऱ्या दिवशी तो वर्गाच्या खिडकीशी आला, कारण लिंबाखालून मी दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी इतिहासाचे सर शिकवत असताना खिडकीतून आवाज आला, "सर, जरा जोरानं बोला, हिकडं ऐकू येईना." सरांनी खडू खाली ठेवला आणि मामाला प्राचार्यांपुढे उभं केलं. मीही मागोमाग गेले. मामाला हाकललं की माझंही शिक्षण संपलं.

"तुम्ही कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी हिचा मामा."

"आवारात मामांना परवानगी नाही. फक्त विद्यार्थ्यांना आहे."

मामा म्हणाला, "मंग विद्यार्थी करा."

प्राचार्य हसले नाहीत. त्या वर्षी अकरावी कला शाखेच्या जागा भरत नव्हत्या आणि वर्ग टिकवायला ते गावोगाव पोरं शोधत फिरत होते. चालत ऑफिसात आलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणायची त्यांची स्थिती नव्हती. मामा कधीकाळी दहावी पास होता. क्लार्कने त्याचा दाखला उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "एवढी गॅप? मधी काय केलं?"

"मधी शेती होती," मामा म्हणाला.

अशा रीतीने माझा मामा माझा वर्गमित्र झाला. मामीने डोक्याला हात लावला. "लेकरं शाळेत घालायच्या वयात नवरा शाळेत जाऊन राहिला!" ती भेटेल त्याला सांगायची. आप्पांना मात्र ही व्यवस्था पसंत पडली, आणि त्यांनी त्यात एक खुंटी मारून ठेवली. "आता बराबर झालं," ते मला म्हणाले. "मामा ज्या वर्गात, तू त्या वर्गात. मामा नापास होऊन बसला, तर तू बी घरी बस." मामाने मान डोलावली.  इतर मुलींना एकदाच पास व्हायचं होतं. मला दरवर्षी दोनदा पास व्हायचं होतं.

मामाचं विद्यार्थी असणं हा प्रकार पाहण्यासारखा होता. खताच्या कंपनीची पिशवी हे त्याचं दप्तर. त्यात एक वही, एक डबा आणि अडीअडचणीला दोरी. दाराजवळच्या बाकावर तो पाय वर घेऊन उकिडवा बसायचा, म्हणजे येणारा-जाणारा दिसतो. हजेरीला "हजर" न म्हणता तो म्हणायचा, "आलोय, अन् भाचीबी आलीय." मग माझा नंबर आला की सर मला विचारायचेच नाहीत. तास सुरू करायच्या आधी कोणत्याही सरांना "जेवलात का?" हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. एकदा अर्थशास्त्राचे सर उपाशी निघाले, तर मामाने भर तासात डबा उघडून भाकरी पुढे केली. मागणी आणि पुरवठा हा धडा त्या दिवशी झालाच नाही. सर भाकरी खात होते आणि मामा त्यांना, ठेचा आणखी घ्या, म्हणत होता.

पण मामाचं खरं काम मुलांवर लक्ष ठेवणं हे होतं, आणि त्याची त्याने स्वतःची एक रीत काढली होती. तो दमदाटी करत नसे, सोयरीक काढत असे. कोणी पोरगं माझ्या बाकाकडे दुसऱ्यांदा पाहताना दिसलं, की मधल्या सुट्टीत मामा त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. शिरड शहापूरचा एक उंच पोरगा होता, डोळ्यांवर काळा चष्मा, केसांना पाणी.

"कोणत्या गावचा?" मामा म्हणाला.

"शिरड शहापूर."

"कोणाचा?"

पोराने बापाचं नाव सांगितलं, मग आजाचं सांगितलं. मामा डोळे मिटून बोटं मोजत राहिला.

"मंग तुही आजी आमच्या मावशीची नणंद. म्हंजी ही तुही बहीण लागती."

"कशी काय?" पोरगं केविलवाणं झालं.

"लागती म्हणलं ना! चष्मा काढ अन् नीट पाह्य, नाक सारखंच हाये."

दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत मामाने अकरावीच्या निम्म्या वर्गाला माझा भाऊ करून टाकलं. पुढच्या राखीपौर्णिमेला बारावीच्या वर्गात पोरं रांगेत उभी होती, राख्या संपल्या, तेव्हा उरलेल्यांना मामाने पिशवीतल्या दोरीचे तुकडे करून दिले. चष्मेवाला पोरगा सगळ्यांत मागे उभा होता. त्यालाही दोरीच आली. ही सगळी पोरं अर्थातच मामाला मामा म्हणू लागली, मग मुली म्हणू लागल्या, मग शिपाई, आणि एक दिवस प्राचार्यांनी खिडकीतून हाक दिली, "मामा, जरा आत येता का, टाकीचं पाणी गळून राहिलंय." त्या दिवसापासून कॉलेजचा कारभार दोघं मिळून पाहू लागले.

विषय निवडतानाही मामाला माझ्याच विषयांना बसावं लागे. बी.ए.ला मी गृहशास्त्र घेतलं. मॅडम म्हणाल्या, "हा विषय पुरुषांसाठी नाही." मामाने विचारलं, "कुठं लिवलंय?" मॅडमनी पुष्कळ शोधलं, कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रात्यक्षिकाला लोकरीचं टोपडं विणायचं होतं. मामा यष्टीत विणायचा, लिंबाखाली विणायचा, गावात सप्ताह बसला तर पोथी ऐकत विणायचा. त्याचं टोपडं वाढत वाढत टोपलीएवढं झालं आणि वरून त्याला दोन टोकं फुटली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ते टेबलावरून दोन बोटांनी उचललं.

"हे काय आहे?"

"बाळाचं टोपडं."

"बाळाचं डोकं असं असतं का हो?"

"माझ्या बाळाला शिंगं हायेत, मॅडम," मामा म्हणाला.

परीक्षक बाई इतक्या हसल्या की त्यांनी पास केलं. पोळ्याला ते टोपडं मामाच्या लाडक्या बैलाने वेशीतून मिरवलं आणि पाठीमागून मामी पदरात तोंड लपवून चालली होती.

इथपर्यंत ठीक होतं. बाकीचे विषय मी त्याला हळदीच्या कढईशेजारी तोंडी सांगायचे, तो कधी कुरकुरत, कधी डुलक्या घेत ऐकायचा आणि काठावर सुटायचा. बारावीचं इंग्रजी बरंचसं उताऱ्यातून उतरवायचं होतं, ते त्याने बैलाने माग धरावा तसं उतरवलं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मात्र इंग्रजीत पत्रं लिहायची होती, आणि तिथे मामाचा एक स्वभाव आडवा आला. तो खोटं लिहीत नसे. बोलताना सोयरीक काढायला त्याला कुठलीच अडचण नव्हती, पण कागदावर खोटं? छे.

"लिपिकाच्या जागेसाठी अर्ज लिवा म्हणे," पेपर सुटल्यावर तो लिंबाखाली सांगू लागला. "म्या न्हाई लिवला."

"काहून रे, मामा?"

"मला लिपिक व्हायचंच न्हाई. उद्या त्यांनी घेतलं तर तुझ्यासंगं कोण येणार?"

"अरे, ते नुसतं पेपरात असतंय!"

"कागदावर सही केली की झालं. अन् दुसरं काय, तर मित्राला वाढदिवसाचं बोलावणं लिवा. मित्र माझ्या मागच्याच बाकावर बसला व्हता. म्या मागं वळून तोंडी सांगितलं. तर ते सर मलाच दटावून राहिले."

मामा इंग्रजीत नापास झाला.

निकाल लागला त्या संध्याकाळी आप्पा ओसरीवर बसले. आई चुलीपुढून उठेना. मी सगळ्या विषयांत पास होते आणि तरी दाराच्या चौकटीला धरून अपराध्यासारखी उभी होते. आप्पा हळूच म्हणाले, "ठरल्यापरमानं करावं लागंल, बाई." त्यांनाही ते बोलवत नव्हतं. पण शब्द त्यांचाच होता, आणि मधल्या काळात एक-दोन स्थळंही येऊन गेली होती.

मामा मात्र शांतपणे तंबाखू मळत होता. "दाजी, मी बसलो कुठं? मला ए.टी.के.टी. हाये."

"ते काय असतंय?"

"म्हंजी बैल लंगडतो, पण गाडीला चालतो. एक विषय ऱ्हायला तरी दुसऱ्या वर्षात जाता येतंय. तिसऱ्यात जायच्या आधी मातर ह्या वर्षाचं इंग्रजी सुटलं पायजे."

"अन् न्हाई सुटलं तर?"

"तर मंग बसलो," मामा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला. "मी बी अन् ही बी."

 लंगड्या बैलाचं आप्पांना पटलं. तसला एक आमच्याही गोठ्यात होता. त्यांनी वर्षाची मुदत दिली.

ते वर्ष मी विसरणार नाही. मामाला खोटं लिहायला शिकवणं माझ्याने होईना. मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी त्यानेच तोड काढली. "असं करू," तो म्हणाला. "पुस्तकात जी पत्रं हायेत ती आधी खरी करू. मंग लिवायला मला काही हरकत न्हाई."

आणि आम्ही पुस्तकातली पत्रं एकेक करून खरी करायला घेतली. ताप आल्याबद्दल रजेचा अर्ज होता, म्हणून मामा थंडीत विहिरीत डुंबला आणि खरोखर तापाने फणफणला. अंगावर गोधडी घेऊन त्याने माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, पाठ केला, आणि त्या दिवशी खरंच कॉलेजला गेला नाही. मलाही घरी राहावं लागलं. वाढदिवसाचं बोलावणं होतं, पण मामाचा जन्म कधीचा ते कोणालाच आठवेना. थोरला मामा म्हणाला, "तांबडी गाय व्याली त्याच्या दुसऱ्या दिशी." गायीचं कोणालाच आठवेना. मग आईने एक शनिवार नक्की केला, मामीने शिरा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मामाला ओवाळलं. तो इतका लाजला की पाटावरून उठून गोठ्यात गेला. बक्षीस मिळाल्याबद्दल मित्राचं अभिनंदन होतं, त्यासाठी मामाने आपल्या मित्राला नरसीच्या जत्रेत कुस्तीला उतरवलं. मित्र पहिल्याच डावात पडला, पण पंचांना मामाने इतकं पिडलं की त्यांनी वैतागून एक नारळ दिला. नाली तुंबल्याची तक्रार होती, ती एकच आयती खरी निघाली. फक्त लिपिकाचा अर्ज राहिला. त्याला मामा शेवटपर्यंत कबूल झाला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहत होते. तो दाताखाली पेन धरून छताकडे बघत होता. मग वाकला आणि लिहू लागला. तो बाहेर आल्यावर मी पळत गेले.

"कोणतं आलं? तापाचं का वाढदिवसाचं?"

"एक बी न्हाई," मामा म्हणाला.  "दुसरंच आलं. घरातल्या लहान पोरीला लिवायचं, का बाई, शिक्षण सोडू नको."

"मग?"

"मंग काय, ते खरंच हाये की. तुलाच लिवलं."

"इंग्रजीत काय लिहिलंस रे, मामा?"

मामाने घसा साफ केला, आजूबाजूला पाहिलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "डू नॉट सिट होम. कम बाय बस. आय अ‍ॅम देअर."

मामा त्या पेपरात सुटला. काठावर, पण सुटला. आप्पांनी निकाल दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "लंगडा पोचला म्हणायचा." आम्ही दोघं तिसऱ्या वर्षात गेलो. मामाचं दुसऱ्या वर्षाचं इंग्रजी तेवढं मागे राहिलं, आणि ते तिसरं वर्ष संपलं तरी मागेच राहिलं. इंग्रजीची एक गाठ सुटली की पुढे दुसरी बसलेली असायची. तोवर मी मात्र पार झाले होते. पदवी घ्यायला मी गेले तेव्हा मामा खालच्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत उकिडवा बसला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा त्याने सवयीने मोठ्याने ओ दिली, "आलीय!" आणि सभागृहभर पसरलेले माझे सगळे भाऊ हसले.

आता ह्या वर्षीचं सांगते. माझी धाकटी बहीण दहावी झाली. मार्क माझ्यापेक्षा जास्त. तिने सायन्स घेतलं, त्याच कॉलेजात, डाव्या अंगाला. कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी मी तिला सोडायला फाट्यावर गेले, तर मामा आधीच तिथे उभा. तेल लावलेलं, भांग पाडलेला, खांद्याला खताची पिशवी. केस आता कानांवर पांढरे झालेत.

"चला," मामा म्हणाला. "अकरावी सायन्स. कठीण असतंय म्हणे. बेडूक कापावा लागतो का गं?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. "मामा, तू काहून येऊन राहिला? मी जाते की. गाडीत आपल्या गावच्या पाच-सहा पोरी हायेत."

मामाने आप्पांकडे पाहिलं. आप्पाही आले होते, सायकल धरून उभे होते. मला वाटलं, आता पुन्हा तीच खुंटी मारतील. आप्पा सायकलची घंटी उगाच एकदा वाजवून म्हणाले, "जाऊ द्या, पाव्हणं. जाती ती एकटी."

यष्टी आली. धाकटी चढली, खिडकीतून हात हलवला. मामाचा एक पाय पायरीकडे गेला होता, तो त्याने मागे घेतला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो पाहत राहिला. मग पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"चल घरी, मामा," मी म्हणाले. "चहा घेऊ."

"तू हो पुढं," मामा म्हणाला. "मला जायचंच हाये. इंग्रजी राहिलंय ना माझं." आणि वळणाकडे पाहत, "पण ह्या गाडीनं नको. तिला वाटंल, मामा मागं आला. मी दुसऱ्या गाडीनं जातो."

दुसरी गाडी यायला वेळ होता. मामा दगडावर उकिडवा बसला. मी त्याच्या शेजारी बसले.

मी बी.ए. आहे. आमच्या घरातली पहिली. माझी धाकटी बहीण अकरावी सायन्सला आहे आणि ती रोज एकटी कॉलेजला जाते.